शिल्पकार ब्रांकुशी आणि इंदूरचे न झालेले मंदिर

आपल्यापैकी अनेकांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पंचायतन आहे. विष्णूसाठी शाळिग्राम, शंकरासाठी नर्मदेतला बाण, देवीसाठी सुवर्णमुखी, सूर्यासाठी स्फटिक आणि आपल्या गणरायासाठी शोणभद्राचा तांबडा दगड. त्या तांबड्या दगडाला सोंड नाही, सुपासारखे कान नाहीत, हातात मोदक नाही. तरी आपल्या आज्यांनी त्यावर दूर्वा वाहताना यात गणपती कुठे आहे असे कधी विचारले नाही. उत्सवाचे दहा दिवस आपण सुबक मूर्तीपुढे आरती म्हणतो आणि उरलेले वर्षभर त्या बिनसोंडेच्या दगडाला गंध लावतो. दोन्ही रूपे आपल्याला सारखीच जवळची.

हे आधीच सांगायचे कारण असे, की यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ज्या माणसाचे चरित्र निवडले आहे, त्याने जन्मभर दगडातून, लाकडातून आणि धातूतून नाक-डोळे, पंख-पिसे काढून टाकली आणि राहिलेल्या आकाराला इतके घासले की त्यावर प्रकाश थांबू लागला. या माणसाचे नाव कॉन्स्टंटीन ब्रांकुशी. आधुनिक शिल्पकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. आणि आपल्या इंदूरकरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की हा जगप्रसिद्ध कलावंत १९३८ च्या जानेवारीत आपल्या या शहरात येऊन राहिला होता. इथे एक मंदिर बांधण्यासाठी तो आला होता. ते मंदिर झाले नाही.

ब्रांकुशींचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ चा. आपण शिवजयंती साजरी करतो तीच तारीख. रुमानिया देशाच्या गोर्ज जिल्ह्यात, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी होबित्सा नावाचे लहानसे खेडे आहे, तिथे एका शेतकरी कुटुंबात ते जन्मले. लहानपण मेंढरे राखण्यात गेले. त्या मुलखातली घरे लाकडाची, घरांचे खांब लाकडाचे, अंगणाच्या फाटकांवरही लाकडातच कोरलेली नक्षी. शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे एकावर एक रचावेत तसे तिथले खांब कोरलेले असतात. मुलाच्या डोळ्यांत हे सगळे बसले आणि हातात चाकू आला. वडील लवकर वारले. अकरा-बारा वर्षांच्या वयात कॉन्स्टंटीन घर सोडून निघाले आणि पोटासाठी दुकानांत, खाणावळींत पडेल ते काम करू लागले.

क्रायोवा शहरात असताना त्यांनी टाकाऊ लाकडापासून एक व्हायोलिन तयार केले, असे सांगतात. ते पाहून जाणत्या लोकांनी या पोराला कारागिरीच्या शाळेत घालायचे मनावर घेतले. १८९४ ते १८९८ ही चार वर्षे ते त्या शाळेत शिकले. आम्ही स्वतः पदविकेपर्यंतच शिकलेलो, त्यामुळे चरित्रातला हा भाग आम्हाला विशेष जवळचा वाटतो. ही शाळा सुतारकाम, लोहारकाम, ओतकाम असे हाताचे शिक्षण देणारी होती. पुढे बुखारेस्टच्या कलाशाळेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, मानवी शरीराचा बारकाईने अभ्यास केला आणि कातडी काढलेल्या देहाचे, स्नायू न्‌ स्नायू दाखवणारे एक शिल्प डॉक्टरांच्या देखरेखीखाली बनवले. ते इतके अचूक होते की वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरले गेले. म्हणजे पुढे ज्यांनी पक्ष्याचे पंख वगळले, त्यांना पंख करता येत नव्हते असे कोणी समजू नये.

१९०४ साली ते पॅरिसला पोचले. वाटेतला बराच प्रवास त्यांनी पायी केला. खिशात पैसे नव्हते, वाटेत आजारी पडले, शेवटचा टप्पा तेवढा आगगाडीने गाठला. पॅरिसमध्ये एका उपाहारगृहात भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये भजने म्हणायचे काम केले आणि सोबत कलाशाळेत नाव घातले. १९०७ साली त्या काळचे सर्वांत मोठे शिल्पकार रोदँ यांच्या कार्यशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. दुसरा कोणी असता तर तिथेच जन्म काढला असता. ब्रांकुशी महिना-दोन महिन्यांत बाहेर पडले. मोठ्या वडाखाली दुसरे झाड वाढत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला जसे ठाऊक असते तसे त्यांनाही ठाऊक होते.

बाहेर पडल्यावर त्यांनी कामाची रीतच बदलली. त्या काळी शिल्पकार मातीत नमुना करीत आणि दगडात उतरवायचे काम मदतनीस करीत. ब्रांकुशींनी स्वतः छिन्नी घेतली आणि सरळ दगडात कोरायला सुरुवात केली. १९०७-०८ च्या सुमारास केलेले ‘चुंबन’ हे शिल्प म्हणजे एकाच दगडाच्या ठोकळ्यात एकमेकांना मिठी मारून बसलेले स्त्री-पुरुष. दगडाचा चौकोनीपणा त्यांनी मोडला नाही. दोघांचे डोळे बाजूने पाहिले की एकच डोळा दिसतो. मग झोपलेल्या स्त्रीचे नुसते मस्तक, अंड्यासारखे गुळगुळीत. मग त्यांच्या देशातल्या लोककथेतली मायास्त्रा नावाचा जादूचा पक्षी. या पक्ष्यापासून पुढे तीस वर्षे त्यांचा एक शोध सुरू राहिला. त्यांना पक्षी घडवायचा नव्हता, त्याचे उडणे घडवायचे होते. दरवेळी काहीतरी कमी झाले. आधी पाय गेले, मग चोच, मग मान. १९२३ पासून जे शिल्प होऊ लागले त्याला ‘अवकाशातील पक्षी’ म्हणतात. खाली निमुळता, मध्ये किंचित फुगलेला, वर तिरकस कापलेला उभा आकार. संगमरवरात आणि पितळी झळाळीच्या काशात मिळून त्यांनी असे सोळा पक्षी केले. दोन पक्षी सारखे नाहीत. फरक कुठे अर्ध्या बोटाचा, कुठे नुसत्या वळणाचा.

या कामात खरा वेळ जाई तो घासण्यात. साचा ओतून झाला की इतरांचे काम संपते, यांचे तिथून सुरू होई. कानशीने, मग बारीक कागदाने, मग पावडरीने, हाताने, आठवडेच्या आठवडे. शेवटी धातूचा पृष्ठभाग आरशासारखा होई आणि खोलीतला उजेड त्यात उतरे. खिडकीत ऊन वाढले की पक्षी वर निघाल्यासारखा दिसे, ढग आले की शांत होई. आपली शिल्पे कोणत्या उजेडात कशी दिसतात हे दुसऱ्या कोणाला नीट टिपता येईना, म्हणून ते स्वतः कॅमेरा वापरायला शिकले आणि पुढे आपल्या शिल्पांची छायाचित्रे स्वतःच काढू लागले.

या पक्ष्याची एक गोष्ट आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी तर अवश्य वाचावी. १९२६ साली एक पक्षी अमेरिकेत गेला. कलाकृतींना तिथे जकात माफ होती. परंतु न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्यांना त्या लांबट चकचकीत धातूत कला काही दिसेना. त्यांनी त्याची नोंद स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचे साहित्य या सदरात केली आणि चाळीस टक्के जकात लावली. प्रकरण न्यायालयात गेले. पक्ष्यासारखे न दिसणाऱ्या वस्तूला पक्षी म्हणता येईल का, आणि हे शिल्प घडवणारा कलावंत की चांगला घासकाम करणारा कारागीर, यावर रीतसर साक्षी झाल्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला. कलेची कायद्यातली व्याख्या त्या दिवशी रुंदावली. त्या अधिकाऱ्यांना हसू नये असे आम्हाला वाटते. त्यांच्यापुढे नियमावली होती आणि तीत हा पक्षी बसत नव्हता. नियमावलीत न बसणारी चांगली गोष्ट टेबलावर आली म्हणजे काय होते, हे कोणत्याही कचेरीत पाहायला मिळते.

आता गोष्ट इंदूरला येते. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा, शिक्षण इंग्लंडात. वडील तुकोजीराव महाराजांनी १९२६ मध्ये गादी सोडल्यावर कोवळ्या वयात राज्य त्यांच्याकडे आले आणि १९३० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. त्यांनी आणि कागलच्या घराण्यातून आलेल्या महाराणी संयोगिताबाईंनी युरोपातली नवी कला मनापासून आवडून घेतली. एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी माणिकबाग बांधून घेतली. घुमट, कमानी, नक्षी यांतले काही नसलेला, सरळ रेषांचा तो वाडा आजही आपल्यासमोर उभा आहे. पॅरिसमध्ये आंरी-पिएर रोशे या कलारसिक लेखकाने महाराजांची ब्रांकुशींशी ओळख करून दिली. महाराजांनी आधी काशाचा झळाळता पक्षी घेतला. मग एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा असे आणखी दोन करायला सांगितले. १९३६ पर्यंत तेही तयार झाले. सोन्यासारखा, काळा आणि पांढरा, असे तीन पक्षी होळकरांचे झाले.

या तिघांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे अशी कल्पना निघाली. वर्षानुवर्षे ब्रांकुशी तिचे आराखडे करीत राहिले आणि ते बदलतही राहिले. पण मुख्य रूप असे होते. मंदिराला बाहेरून दिसणारे दार नाही, खिडकी नाही. भुयारी वाटेने आत जायचे. एका वेळी एकाच माणसाने बसावे. मध्ये चौकोनी पाण्याचे कुंड, भोवती तीन पक्षी, त्यांची प्रतिबिंबे पाण्यात. आणि छताला एक झरोका, अशा बेताने ठेवलेला की ठरावीक वेळी सूर्याचा किरण थेट सोनेरी पक्ष्यावर यावा.

इथे आमच्यातला नकाशे पाहणारा माणूस जागा होतो. पॅरिसमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. भर उन्हाळ्यातही तिथले ऊन तिरके. इंदूर मात्र कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला, बावीस अंश आणि त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या सुरुवातीला, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शेजारच्या उज्जैनला वेधशाळा उगाच बांधलेली नाही. छताच्या झरोक्यातून किरण ओळंब्यासारखा सरळ खाली उतरवायचा तर तो इथे उतरवता येतो, पॅरिसमध्ये नाही. ब्रांकुशींनी हा हिशेब केला होता असा आमचा दावा नाही. पण जन्मभर उजेडाच्या मागे लागलेल्या माणसासाठी माळव्याचे आकाश ही योग्य जागा होती, एवढे नक्की. आणि जुलैतली ती दुपार बहुधा पावसाळी ढगांतच गेली असती, हेही माळव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

१९३७ मध्ये महाराणी संयोगिताबाईंचे ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रांकुशी बोटीने हिंदुस्थानकडे निघाले. एकसष्ट वर्षांचे वय, आपले काम सोडून कुठे फारसे न जाणारा स्वभाव. इंदुरात ते राज्याचे पाहुणे म्हणून राहिले, पण महाराजांची भेट काही झाली नाही. काही आठवडे वाट पाहून जानेवारीच्या अखेरीस ते मुंबईहून परत फिरले. मंदिराचा पाया खणला गेला नाही. महाराजांच्या मनात काय होते यावर पुढे बऱ्याच जणांनी लिहिले, तर्क केले. घरात एवढे मोठे दुःख घडल्यानंतरचे ते महिने होते, हे लक्षात ठेवून आम्ही तर्कांत शिरत नाही.

परंतु त्याच वर्षी ब्रांकुशींचे दुसरे एक स्वप्न पुरे झाले. त्यांच्या जन्मगावाजवळ तर्गु जिऊ नावाचे शहर आहे. पहिल्या महायुद्धात १९१६ साली तिथल्या नदीवर शत्रूला अडवताना अनेक सैनिक आणि नागरिक पडले. त्यांच्या स्मरणार्थ गोर्जमधल्या महिलांच्या संघटनेने पुढाकार घेऊन काम ब्रांकुशींना दिले. त्यांनी नदीकाठापासून सरळ रेषेत तीन गोष्टी मांडल्या. आधी गोल दगडी मेज आणि भोवती बारा बैठका, मग दगडी दार, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सुमारे एकोणतीस मीटर उंचीचा ‘अनंत स्तंभ’.

दाराचे काम हे उठावशिल्पाचा उत्तम धडा आहे. तीस वर्षांपूर्वीचे ते मिठीतले जोडपे इथे पुन्हा आले, पण ओळखू न येण्याइतके साधे होऊन. दोन जाड खांबांवर मोठे वर्तुळ, मध्ये उभी चीर, म्हणजे दोन डोळ्यांचा मिळून झालेला एक डोळा. वरच्या आडव्या शिळेवर तेच जोडपे नुसत्या रेषांत, उथळ कोरीव कामात, ओळीने पुन्हा पुन्हा. उथळ कोरीव काम उजेडावर जगते. दुपारच्या सरळ उन्हात ते जवळजवळ सपाट दिसते. सकाळ-संध्याकाळ ऊन तिरके झाले की प्रत्येक रेषेत सावली भरते आणि शिळा बोलू लागते. आपल्या राजवाड्याच्या किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरची नक्षी एकदा भर दुपारी आणि एकदा मावळतीला पाहावी, म्हणजे हे पटेल.

स्तंभाची रचना आमच्या खात्यातल्या मंडळींना आवडेल अशी आहे. मध्ये पोलादाचा कणा, आणि त्यात माळेत मणी ओवावेत तसे ओतीव लोखंडाचे, पितळी मुलामा दिलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे ओवलेले. अभियंता स्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान यांनी हिशेब केला. वरचा शेवटचा मणी अर्धाच आहे, म्हणजे स्तंभ तिथे संपत नाही, आपली नजर पुढे जावी. होबित्साच्या घरांचे लाकडी खांब पन्नास वर्षांनी असे आकाशाला भिडले. २७ ऑक्टोबर १९३८ ला हे सारे लोकार्पण झाले. ब्रांकुशींनी त्यासाठी मोबदला घेतला नाही. युद्धानंतर आलेल्या साम्यवादी राजवटीत हा स्तंभ निरुपयोगी ठरवून पाडण्याचा प्रयत्न झाला. तो पडला नाही.

शेवटची वर्षे त्यांनी पॅरिसच्या एका गल्लीतल्या कार्यशाळेत काढली. पांढरे कपडे, पांढरी दाढी, स्वतः बांधलेल्या चुलीवर स्वतःचा स्वयंपाक. नवे शिल्प फारसे केले नाही. असलेली शिल्पे ते जागेवरून हलवत, दोन शिल्पांत किती अंतर असावे, कुठला उजेड कशावर पडावा, हे पुन्हा पुन्हा जुळवून पाहत. आपल्या शिल्पांचा ठेवा त्यांनी मायदेशाला देऊ केला, तिथल्या सरकारने १९५१ मध्ये तो नाकारला. १९५२ मध्ये त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व घेतले आणि कार्यशाळा आहे तशी जपावी या अटीवर सर्व काही फ्रान्सला देऊन टाकले. १६ मार्च १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आणि आपले तीन पक्षी? महाराजा १९६१ मध्ये गेले. पुढे काळा आणि पांढरा पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतला, ते आता कॅनबेराला आहेत. सोनेरी पक्षी अमेरिकेत पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क खात्याची कचेरी आली. ज्या पक्ष्याला एके काळी जकात अधिकाऱ्यांनी भांडे ठरवले, त्याच्या भावंडांच्या घरी शेवटी तेच खाते राहायला यावे, याला योगायोगच म्हणायचे.

रुमानियाने एकदा नाकारलेले पुन्हा आपले म्हटले. १९ फेब्रुवारी हा तिथे आता ब्रांकुशी दिन असतो. जुलै २०२४ मध्ये तर्गु जिऊच्या शिल्पसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो निर्णय झाला आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. आपल्या इंदुरात मात्र या माणसाच्या वास्तव्याची आठवण देणारी एक पाटीही आमच्या पाहण्यात नाही. सरकारी नोकरीत आम्ही मंजूर होऊन न झालेली कामे बरीच पाहिली. त्यांच्या नस्ती कपाटात जातात आणि काही वर्षांनी कोणाला त्यांचे नावही सांगता येत नाही. हे काम त्यांत जाऊ नये असे वाटते. पक्षी परत येणार नाहीत आणि मंदिरही आता होणार नाही. पण इथे काय होणार होते हे आपल्या मुलांना माहीत असणे आपल्या हातात आहे.

म्हणून उत्सव समितीला एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी गणेशोत्सवात आपण मुलांची चित्रकला स्पर्धा घेतो. विषय ठरलेले असतात, माझा बाप्पा, पावसाळा, झाडे लावा. पुढच्या वर्षी एक विषय असा ठेवावा: बिनदाराचे मंदिर, पाण्याचे कुंड, तीन पक्षी आणि छतातून येणारे ऊन. मोठ्यांना ही कल्पना कदाचित अवघड वाटेल. ज्यांच्या देव्हाऱ्यात शोणभद्राचा गणपती आहे त्या घरच्या मुलांना ती वाटणार नाही.